सहा जणांच्या सह्या

डिसेंबरमधला दुसरा रविवार, सकाळचे साडेआठ. माणशी दीड हजार याप्रमाणे नऊ हजार रुपये मी कुंडलिका नदीच्या काठी राफ्टिंगवाल्यांच्या टेबलावर मोजून ठेवले. हजर सहा जण: मी, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी, बायकोचा धाकटा भाऊ आणि माझ्या खात्यातले दोघे सहकारी. मोशीहून पहाटे साडेचारला निघून ताम्हिणी घाटाने कोलाडला उतरलो होतो.

पैसे घेऊन त्यांनी सहा फॉर्म पुढे केले. नाव, वय, वजन, पोहता येतं का. आणि खाली, हृदयविकार, फिट येणे, दमा, नुकतंच झालेलं ऑपरेशन, यांपैकी काही आहे का. बाकीचे चहा घेत होते. मी खुर्ची ओढली आणि सहाही फॉर्म भरून टाकले. वजनं अंदाजाने लिहिली, बायकोचं दोन किलो कमी. आजारांपुढे सहा वेळा 'नाही' लिहिलं आणि सहा वेगवेगळ्या वळणांत सह्या केल्या.

मला याची सवय होती. चाकणला गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे, आणि सुरक्षेचे कागदही माझ्याकडेच असतात. शिफ्टच्या सुरुवातीला पाच मिनिटं सुरक्षेवर बोलायचं आणि ऐकणाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या, असा नियम आहे. माणसं बावीस. लाइन सुरू करायची घाई असते, सात-आठ सह्या राहतात. त्या मी जेवणाच्या सुट्टीत माझ्याच हाताने पूर्ण करायचो. पत्र्याची जाडी ठरल्यापेक्षा केसभर कमी भरली तरी मी सगळा माल अडवतो, आकडा बदलत नाही. सह्यांच्या बाबतीत असा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

आमचा गाइड तिशीतला, जवळच्याच गावचा होता. त्याने फॉर्म चाळले.

"साहेब, हे सहाही जण तुम्हीच का?"

"अहो भाऊ, आमचे साहेब अख्ख्या शिफ्टच्या सह्या करतात," एक सहकारी म्हणाला. "तुम्ही बिनधास्त राहा."

गाइड हसला नाही. त्याने सहाही फॉर्म फाडले आणि कोरे दिले. "ज्याचा त्याने भरा. पाण्यात तुम्ही एकटे सहा ठिकाणी नाही पडणार."

मला राग आला. मुलीसमोर झालं म्हणून जास्तच. पण माझा फॉर्म भरला. बाकीच्यांचेही झाले. मेहुण्याचं पेन मात्र आजारांच्या ओळीवर थांबलं होतं. तो सत्तावीस वर्षांचा, धाराशिवकडचा. दोन वर्षांपूर्वी माझ्या शब्दावर आमच्याच कारखान्यात ठेकेदाराकडे लागला होता, पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेस मशीनवर. तो उठून माझ्या शेजारी आला आणि हळू आवाजात म्हणाला,

"दाजी, तुमी लिवलेलंच राहू द्यायचं व्हतं."

"का रे?"

"मला फिट येती."

"कधीपासून?"

"बारावीपासून. गोळ्या हायत चालू. कामाला लागल्यापासून दोनदा आली. रूमवर, झोपेत."

"आणि हे मला आत्ता सांगतोस?"

"तुमी कवा इचारलं?"

त्यात तक्रार नव्हती. त्याने त्या ओळीपुढे 'हो' लिहिलं, सही केली आणि फॉर्म दिला. गाइडने तो वाचून खिशात घातला. मेहुण्याच्या जवळ सरकला. "तुम्ही जीपमध्ये बसा, जीप काठाकाठाने येते. तुमचे पैसे परत मिळतील," एवढंच.

"काय पाहुणे, पाण्याला भ्यायला का राव?" सहकाऱ्याने हटकलं.

"व्हय, भ्यालो. मोबाइल द्या हिकडं सगळ्यांचे, भिजतील," मेहुणा म्हणाला. त्याने पाच मोबाइल आणि सगळ्यांच्या चपला गोळा केल्या.

मग गाइडने सांगायला सुरुवात केली. जॅकेटचे पट्टे असे आवळा की खांद्याला धरून वर ओढलं तरी जॅकेट हलता कामा नये. वल्ह्याच्या टोकावरची मूठ सोडायची नाही, सुटली तर ती शेजाऱ्याच्या दातांवर बसते. पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने, पायाची बोटं पाण्याबाहेर. वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही. दगडांच्या फटीत पाय अडकला की पाणी माणसाला वाकवून खाली दाबतं. दोरी फेकली तर दोरी धरा, हाताला गुंडाळू नका.

"बाबा, पट्टा," मुलगी म्हणाली. माझ्या हेल्मेटचा पट्टा लोंबत होता. हीदेखील कारखान्याच्या गेटवरची सवय. हेल्मेट नसेल तर दुचाकी आत घेत नाहीत, पट्टा कोणी बघत नाही. मी पट्टा लावला.

चौथ्या उसळीला राफ्ट माझ्या बाजूने कलंडला आणि मी बाहेर फेकला गेलो. पाणी धरणातून सोडलेलं, बर्फासारखं. मला मोजायची सवय आहे. मी मोजायला लागलो. सातला डोकं वर आलं. लगेच पायाला दगड लागला आणि उभं राहावं अशी इतकी ओढ वाटली की मी एक पाय टेकवलाच. मग गाइडचं बोलणं आठवलं. पाय उचलला, उताणा झालो. तोंडावर दोरी येऊन पडली, ती धरली, आणि बायकोने आणि गाइडने मला जॅकेटच्या खांद्यांना धरून आत ओढलं.

खाली जिथे राफ्ट बाहेर काढतात तिथे मेहुणा उभा होता. जीपमधून उतरून तो दगडांवरून धावत आला होता. घाईत पायात अडकवलेली एक चप्पल तुटली होती, माझी. त्याने टॉवेल दिला.

"पाण्याखाली किती मोजलं, दाजी?"

"सात."

"मी काठावरनं बारा मोजलं," तो म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला.

त्या सातांत माझे हातपाय माझे होते, सांगितलेलं आठवायला डोकं ठिकाणावर होतं. त्याच जागी तो असता आणि नेमकी तेव्हाच फिट आली असती, तर उताणं व्हायचं कुणी, दोरी धरायची कुणी? माझ्या फॉर्मप्रमाणे तो त्या राफ्टमध्ये माझ्या मागेच बसला असता.

घाट चढताना बायकोला हळूच विचारलं, "तुला माहीत होतं?"

"त्याने शपथ घातली होती. प्रेसवरून काढतील म्हणून."

मग मला दुसरा एक फॉर्म आठवला. तो कामाला लागला त्या आठवड्यात ठेकेदाराने पाठवलेला, आमच्या मोशीच्या घरी जेवणाच्या टेबलावर भरलेला. त्यातही ही ओळ होती. मेहुणा आत अंघोळीला गेला होता, मी 'नाही' लिहून मोकळा झालो होतो. त्याने कधी खोटं लिहिलंच नव्हतं. दोन वर्षं तो प्रेसवर दर आठ-नऊ सेकंदाला एक भाग ठेवत आणि काढत होता, तो माझ्या हस्ताक्षरावर.

त्या संध्याकाळी मी त्याला म्हणालो, "तू सांगतोस की मी सांगू?"

"मीच सांगतो. पर तुमी संगं या."

सोमवारी आम्ही ठेकेदाराकडे गेलो. तो फॉर्म मी भरला होता, हे मी सांगितलं. मला कंपनीकडून लेखी समज मिळाली. मेहुण्याला पॅकिंगला टाकलं; प्रेसचा भत्ता, महिन्याचे अठराशे, बंद झाले. पंधरा दिवस तो घरी जेवायला आला नाही. बायकोही मोजकंच बोलायची. आता शिफ्टच्या सह्या मी लाइन सुरू होण्याआधी, ज्याच्या त्याच्या हाताने घेतो. चार मिनिटं जास्त लागतात आणि सुपरवायझर रोज कुरकुरतो.

सोळाव्या दिवशी मेहुणा स्वतःच आला. "चला, डॉक्टरला दाखवायचंय." चिंचवडच्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे गेलो. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म माझ्या हातात दिला. मी तो त्याला दिला आणि खिशातलं पेनही दिलं. त्याने सावकाश, प्रत्येक ओळ वाचून भरला.

राफ्टिंगवाल्यांनी परत दिलेले दीड हजार त्याने जपून ठेवले होते. त्यातले बाराशे डॉक्टरांची फी, त्याने काउंटरवर भरली. उरलेल्या तीनशेत महिन्याच्या गोळ्या बसेनात. वरचे दोनशे दहा मी औषधवाल्याला दिले.