ताईची सुई आणि माझी अक्कल

मी वायरमन. लोहा गावाच्या आसपासच्या खांबांवर माझी निम्मी हयात गेली. त्यामुळे ताईला मल्टिपल स्क्लेरॉसिस झाल्याचं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा घरात तो आजार सगळ्यात आधी मला कळला. शरीराचे राखणदारच चुकून आपल्या नसांवरचं वेष्टण कुरतडतात. वेष्टण गेलेल्या वायरीचं काय होतं, ते मला कोणी सांगायला नको.

ताई शाळेत शिकवते. पहिल्या झटक्यात तिचा डोळा अंधुक झाला, दुसऱ्यात डावा पाय ओढायला लागला. झालेलं नुकसान तिच्या इंटरफेरॉन या औषधाने भरून येत नाही. ते त्या राखणदारांना आवरतं, मेंदूकडची त्यांची धाव कमी करतं, म्हणजे पुढचे झटके कमी येतात. तेवढ्यासाठी ताई एक दिवसाआड संध्याकाळी स्वतःच्या हाताने सुई टोचून घ्यायची. आज मांडी, परवा पोट. मग थंडी वाजून ताप. सकाळी मात्र बाई फळ्यासमोर उभ्या. मी विजेला भीत नाही, पण सुई दिसली की मान फिरवतो. तिच्या जिगरीचं मला फार कौतुक वाटतं.

एकदा एप्रिलात दिवसभर लाइन बंद राहणार होती. बंद करणारा मीच. फ्रिज गरम होऊन औषध नासेल म्हणून आदल्या संध्याकाळी मी अख्खी पेटी गुपचूप बर्फाच्या कप्प्यात ठेवली. स्वतःवर लई खूश होतो.

दुसऱ्या दिवशी ताईने पेटी काढली, तर औषधाचा दगड झालेला.

"थंड पाहिजे, गोठलेलं न्हाई," ती म्हणाली. "गोठलं की कामातून गेलं. पेटीवर लिहिलंय की."

"मला वाटलं..."

"खांबावर चढताना असंच वाटून चढतोस का?"

औषधात पडलेल्या या खंडात झटका आला आणि तिचा दुसरा पाय गेला, तर तो माझ्यामुळे. मला वाटलं, आता नवी पेटी आणायला नांदेडला ती भाऊजींना पाठवणार.

तिने डॉक्टरांना फोन लावला आणि थंड पिशवी माझ्याच हातात दिली. "तूच जा. आता तुझ्याइतकं जपून दुसरं कोणी आणणार न्हाई."

येताना बर्फ पेटीला टेकू नये म्हणून मी मध्ये टॉवेल घातला आणि पिशवी मांडीवर धरून बसलो. बसमध्ये शेजारच्या मामांनी विचारलं, एवढं काय सांभाळून राहिलास? बहिणीचे पाय हायत, असं ओठांवर आलं होतं. औषध हाय, एवढंच म्हणालो.