सुधाची वसुबारस आणि माझं जीवशास्त्र

मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि नर व मादी यांतले फरक हा माझा हातखंडा धडा होता. मोराला पिसारा, लांडोरीला नाही. सिंहाला आयाळ, सिंहिणीला नाही. कोळ्याची मादी नरापेक्षा मोठी, आणि लहर लागली तर ती त्याला खाऊनही टाकते. (या वाक्याला वर्गातल्या मुली टाळ्या वाजवायच्या.) हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे जे झालं ते माझ्या अज्ञानामुळे झालं असं कुणी म्हणायला नको. ते माझ्या शहाणपणामुळे झालं!

निवृत्तीनंतर आम्ही आंबेगावात नव्या सोसायटीत राहायला आलो आणि पहिल्याच दिवाळीत माझ्या बायकोने, सुधाने, वसुबारसेची पूजा अंगावर घेतली. बावीस बायका दिवसभर उपास करणार, संध्याकाळी गाय-वासराची पूजा करणार आणि मगच बाजरीची भाकरी नि गवारीची भाजी खाणार.

"नव्या जागेतलं माझं पहिलंच काम आहे," सुधा म्हणाली. "फजिती झाली तर लिफ्टमध्ये तोंड दाखवायला जागा राहणार नाही. गाय तेवढी तुम्ही ठरवून या."

सोसायटीच्या मागेच शेवंताबाईंचा गोठा होता. आजूबाजूच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, पण या बाईंनी गोठा काही सोडला नव्हता. मी गेलो खरा, पण तिथे माझी पंचाईत झाली. मी पडलो विज्ञाननिष्ठ! जन्मभर स्टाफरूममध्ये पूजाअर्चेची टिंगल केलेली. 'पूजेला गाय हवी' हे शब्द काही केल्या तोंडातून बाहेर पडेनात.

"बाई, आमच्या सोसायटीतल्या मंडळींना जरा जनावर दाखवायचंय," मी म्हणालो. "शांत असावं. सोबत वासरू असेल तर उत्तम. आणि थोडं सजवून आणा."

"हाय की एक," शेवंताबाई म्हणाल्या. "पोरं शिंगाला लोंबकळली तरी हालायचं न्हाय."

वसुबारसेच्या संध्याकाळी बावीस बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, ताटं घेऊन पार्किंगमध्ये उभ्या राहिल्या. शेवंताबाई यायच्या होत्या, तोवर मी (कुणी विचारलं नसताना) धडा सुरू केला. "गाय कशी ओळखावी? बैलापेक्षा मान बारीक, वशिंड लहान, नजर मायाळू..."

तेवढ्यात जनावर आलं. पांढरंशुभ्र, शिंगांना गोंडे, पाठीवर गुडघ्यापर्यंत लोंबणारी आरशांची झूल आणि मागे दोरीला बांधलेलं वासरू.

"केवढी मोठी आहे हो!" शेजारच्या कुलकर्णी वहिनी म्हणाल्या.

"खिलार जात. हाडापेराने दणकटच असते."

"पण मान केवढी जाड आहे!"

"सकस चारा!"

"आणि हे वशिंड?"

"वहिनी, नजर पाहा! किती मायाळू!" (नजर मायाळू होती, यावर मी आजही ठाम आहे.)

सुधाने पाय धुतले, हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं. मग एकेक बाई पुढे होऊ लागली. सातवीचा नंबर लागला तेव्हा वासराला भूक लागली. ते झुलीखाली शिरलं. एक ढुशी दिली. बाजू बदलून दुसरी दिली. जनावराने वळून माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच कानकोंडं झालं. वासरू रिकाम्या तोंडाने बाहेर आलं आणि सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल असं हंबरलं.

सुधाने झुलीची कड उचलली, खाली वाकून पाहिलं आणि कड परत नीट सोडली.

"अहो," ती शांतपणे म्हणाली, "हा बैल आहे."

"शेवंताबाई!" मी ओरडलो. "हे काय आणलंत?"

"तुमीच म्हनला शांत पायजे. आमची गाय लाथा झाडती."

"अहो, पण बायका कुंकू वाहत होत्या तेव्हा तरी बोलायचं!"

"मला वाटलं, सोसायटीतली रीत निराळी आसंल."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. सुधा मात्र हसली नाही. दिवसभराच्या उपासाने तिचा चेहरा आधीच उतरला होता, त्यात आता डोळे भरून आले. ते पाहून मला मनापासून लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत ओरडून सांगितलं, "बाई, पूजेला हवीय हो गाय! पूजेला!"

"मंग त्ये आदी न्हाय का सांगायचं? चला गोठ्यात."

आणि बावीस बायका पैठण्या नि कांजीवरम सावरत, चिखल चुकवत गोठ्याकडे निघाल्या. मागून मी, हातात नैवेद्याच्या वड्यांचा डबा घेऊन. गाय एखाद्या मूर्तीसारखी उभी राहिली. बावीसच्या बावीस जणींकडून तिने पूजा करून घेतली, कुलकर्णी वहिनींच्या हातचा वडा खाल्ला, वासराला पाजलं. 'खऱ्या गोठ्यातली पूजा' म्हणून सगळ्या सुधाचं कौतुक करू लागल्या, तेव्हा कुठे तिच्या तोंडावर हसू आलं.

मलाही हायसं वाटलं. आपणही एक नमस्कार करावा म्हणून मी हात जोडून गाईच्या मागून हळूच पुढे सरकलो. पुढच्याच क्षणी मी वैरणीच्या ढिगात उताणा पडलो होतो.

"लागलं का गुरुजी?" शेवंताबाई धावत आल्या. "सांगायचं ऱ्हाऊनच गेलं. बायामान्सांचं तिला काय न्हाय. गडीमानूस तेवढा जवळ खपत न्हाय."

म्हणजे जो फरक तीस वर्षं शिकवूनही मला समोरून, भर उजेडात, ओळखता आला नाही, तो त्या गाईने मागे वळूनही न पाहता ओळखला होता!