पुस्तकात नसलेली आजी

भाजलेल्या शेंगांचा वास आला की वडवणीतला आमचा ओटा आठवतो. दुपारी गल्लीतल्या बायका तिथं शेंगा सोलत बसायच्या. मी चौथी शिकलेली, म्हणून कादंबरी मी वाचून दाखवायची आणि मग तिच्यावरून सगळ्यांनी भांडायचं.

त्या दिवशी कादंबरीतली बाई पोटासाठी परगावी निघाली होती आणि लेकीला शाळेतून काढत होती.

"चुकती ती," रुक्मिण म्हणाली. दिवाळी झाली की तीही ऊसतोडीला निघणार होती, शाळेतल्या लेकीला घेऊन.

"मग पोरीला सांभाळायचं कोनी?" तिची सासू गिरजाबाई कडाडली. "लई शहाणी झालीस व्हय पुस्तकं ऐकून?"

सगळ्यांचे हात थांबले. भांडण आता कादंबरीचं राहिलं नव्हतं.

गिरजाबाई माझ्याकडं वळली. "त्या पोरीला आजी हाय का गं?"

पुस्तकात आजी नव्हतीच. मी पानावरची नजर न हलवता म्हणाले, "हाय. ती म्हणती, पोरीला माझ्यापाशी ठेव."

गिरजाबाईनं पदरातली टरफलं झटकली. "मग मी बी ठेवीन."

म्हातारीला फसवलं, असं मला कैक वर्षं वाटायचं. आता तिच्या वयाची झाल्यावर कळतं, आजीचं तर तिनंच विचारलं होतं. तिला सुनेपुढं नमायचं नव्हतं. पुस्तकापुढं चाललं.