मुर्रीच्या बांधीत उतरलेलं जपानी विमान

जहाजावरून उडणारं जपानी नौदलाचं पहिलं लढाऊ विमान पुण्याहून गोंदियाला गेलं ते माझ्या मांडीवर, पुठ्ठ्याच्या खोक्यात. वरच्या बर्थवर एक गृहस्थ दोन गाद्यांसह झोपले होते, त्यामुळे नौदलाला तिथे जागा मिळाली नाही.

आता त्याला जपानी म्हणणं हा आपला चांगुलपणा. पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या एका कारखान्याने इंग्लंडहून अभियंते बोलावले. त्यांनी हे एकावर एक पंखांचं विमान आखून दिलं, आणि जहाजावर ते पहिल्यांदा उतरवून दाखवलं तेही एका इंग्रज वैमानिकानेच. जपान्यांनी लाल सूर्य तेवढा मनापासून रंगवला. हा टोमणा मी हौशी विमानकारांच्या मासिकात छापून आणला होता, सोबत माझ्या प्रतिकृतीचा फोटो.

गोंदियाला ऑटोवाल्याने विचारलं, "अंकल, डिब्बे में क्या है?"

"जापानी हवाई जहाज. डिझाइन अंग्रेजों का."

"फिर जापानी काहे का?"

एवढी समज आमच्या संपादकालाही नव्हती. मी खुशीने त्याला जवळच्या मुर्री गावाकडे घ्यायला सांगितलं.

मुर्रीला डोमाजी राहतात. पुण्याच्या कारखान्यात ते नकाशे काढायचे आणि मी त्यांवर सही करायचो. निवृत्त होऊन ते घरच्या धानशेतीवर परतले. प्रतिकृतीचे नकाशेही त्यांनीच जुन्या फोटोंवरून काढून धाडले होते. मी लाकूड कापलं. आता मला त्याच नौदलाच्या पुढच्या लढाऊ विमानाचे नकाशे हवे होते. तेही विमान इंग्रजांच्याच आराखड्यावरून केलेलं. जपान्यांच्या चिकाटीला दाद द्यायला हवी. डोमाजींशिवाय ते काढून देणारं कोणी माझ्या ओळखीत नव्हतं, म्हणून हा प्रेमाचा दौरा.

नव्या तांदळाचा भात आणि लाखोरीची डाळ (धानानंतर त्याच शेतात घेतात ती) पोटभर जेवून आम्ही कापणी झालेल्या बांधीत (बांधाने वेढलेल्या शेतात) गेलो. विमान झोकात उडालं, वळलं आणि सरळ बांधावर आदळलं. जवळ जाऊन पाहतो तर पंख सुटून बाजूला पडलेले, पण शाबूत.

"पंखाच्या खुंट्या तुटल्या, बस," डोमाजी म्हणाले. "आमच्या बंडीले (बैलगाडीला) अशाच कच्च्या खुंट्या ठेवतो जी आमी. धक्का बसला का खुंटी जाते, बंडी राहते." त्यांनी बांबूच्या चार खुंट्या तासल्या आणि विमान पुन्हा उडालं. त्यांच्याच नकाशातल्या या खुंट्यांना मी मासिकात 'माझी एक साधी युक्ती' म्हटलं होतं.

तेवढ्यात त्यांची शिक्षिका मुलगी रेखा खोक्यातला कागद उलगडून वाचू लागली. विमानाला धक्का लागू नये म्हणून मी खोक्यात त्याच मासिकाची पानं कोंबली होती. हुशारी म्हणतात ती हीच.

"काका, याच्यात बाबाचं नाव काऊन नाही जी?"

"संपादकाने कापलं. जागा नव्हती," मी म्हणालो. फोटो अर्ध्या पानाचा होता.

"राहू दे व," डोमाजी तिला म्हणाले. मग स्वतः पान घेऊन सावकाश वाचलं. "लाल सूर्याचं बराबर लिवलं तुमी."

त्यानंतर नकाशांचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर त्यांनीच कागदाची गुंडाळी माझ्या हाती दिली. नकाशे केव्हाच तयार होते.

"नावाची चौकट मोकळी ठेवली," ते म्हणाले. "तुमीच भरजा."

परतीच्या वाटेवर मी ती गुंडाळी चारदा उघडली. एकेक रेघ पाहण्यासारखी होती, आणि मला स्वतःची लाज वाटत होती. पुण्याला पोचल्यावर आधी चौकटीत डोमाजींचं नाव घातलं आणि मासिकासाठी खुलासा लिहायला बसलो. 'डोमाजींचं नाव अनवधानाने राहून गेलं,' असं सवयीने लिहून झालं. मग 'अनवधानाने' खोडलं आणि त्या जागी 'मुद्दाम' लिहिलं. 'राहून गेलं'ही खोडलं आणि 'गाळलं' लिहिलं.