पिकलेलं कापड

साळवे बाईंनी पहिली ओळख करून घेतली ती माझ्याशी नव्हे, माझ्या पदराशी. मी शाळेत नुकतीच रुजू झाले होते आणि शिक्षकांच्या खोलीत अंग चोरून बसले होते. कोपऱ्यातून एक उंच, सावळ्या बाई उठून माझ्याजवळ आल्या. नाव-गाव काही न विचारता त्यांनी माझा पदर चिमटीत धरला आणि डोळे मिटून चोळायला लागल्या. मी पार गोंधळले. थोड्या वेळाने पदर सोडून त्या म्हणाल्या, "सुती हाय. पण पिकली नाय अजून. टाकू नको हां. पिकली की मला दे." आणि जाऊन आपला डबा खायला लागल्या. शेजारच्या बाई हळूच मला म्हणाल्या, "घाबरू नका, त्या सगळ्यांनाच असं करतात."

बाई शाळेत शिवण शिकवायच्या. पण त्यांचं खरं काम शाळा सुटल्यावर, सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात सुरू व्हायचं. लोकांची जुनी सुती पातळं, धोतरं, चादरी गोळा करून त्या तान्ह्या बाळांसाठी दुपटी, लंगोट, झबली शिवत. कापड पिकणं हा त्यांचाच शब्द. वर्षानुवर्षं नेसून, धुऊन, उन्हात वाळून कापडातली सगळी खळ गेली, धागा मऊ पडला, की ते पिकलं. "कोऱ्या कापडाला बाळाची ओळख नसती," त्या म्हणायच्या, "पिकल्यालं कापड माणसात राहिल्यालं असतं." मी एकदा विचारलं, "आणि पैठणी?" पैठण आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे अभिमानाचा विषय तो. बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "पैठणी पिकत नाय. नुसती जुनी व्हती."

त्या कुणाकडून मोबदला घेत नसत. अट एकच, बाळ मोठं झालं की दुपटी रिठ्याच्या पाण्यात धुऊन परत आणून द्यायची. ती पुढच्या बाळाकडे जायची. विरून बाळाच्या कामाची राहिली नाहीत की त्यांचं फडकं व्हायचं, मग पोतेरं, आणि शेवटी ते बाईंच्या गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत गाडलं जायचं. "कापूस मातीतनं आला, मातीत गेला. मधी चार लेकरं निजली त्याच्यावर. अजून काय पायजे?"

या कामात बाईंना लाज म्हणून नव्हती. कुणाच्या घरी आजी गेल्या की बाई भेटायला जायच्या, मनापासून रडायच्या, आणि उठताना दारात हळूच विचारायच्या, "आजींची पातळं काय केली?" लोक दुखावायचे. एकदा मी त्यांना चांगलंच झापलं, "बाई, अहो काही वेळकाळ?" तर माझ्यावरच उखडल्या. "म्हातारीच्या अंगावर पिकल्यालं कापड पैठणला न्यायचं आन् गोदावरीत सोडायचं. नदी काय नेसणार हाय व्हय ते?" आम्ही दोघीही हसलो. त्यांच्यावर फार वेळ रागावून राहणं मला कधी जमलंच नाही.

आम्ही दोघी निवृत्त झालो तोवर जग बदललं होतं. आता लोकांनाच प्लॅस्टिक नको झालं होतं आणि बाईंचा फोन सारखा वाजायचा. अंग घासायला वाळलेलं घोसाळं कुठं मिळेल? घाण्याचं तेल स्वतःची बरणी नेली तर कोण देतं? शिकेकाई न दळलेली कुठं मिळते? बाई गुलमंडीपासून शहागंजपर्यंत सगळ्या गल्ल्या तोंडपाठ सांगत आणि फोन ठेवून म्हणत, "काय हरवल्यावानी हुडकायलेत गं लोक! कालपरवा तर समद्यांच्या घरात व्हतं."

त्याच सुमारास एका दुपारी बाई माझ्याकडे एक पुडकं घेऊन आल्या. आत कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेलं पांढरं सुती पातळ होतं, बारीक निळ्या काठाचं. त्यांच्या आईचं. ती माउली नागपूरला दीक्षाभूमीवर जाताना ते पहिल्यांदा नेसली आणि मग जन्मभर सणावारी नेसत राहिली. मी नकळत चिमटीत धरून पाहिलं. इतकं मऊ कापड मी कधी हातात घेतलं नव्हतं.

"हे तुझ्यापाशी ठेव," बाई म्हणाल्या. "मी गेल्यावर मला हे घालायचं. कोरं नको."

"मेल्यावर काय टोचतंय बाई?" मी थट्टेने म्हटलं.

बाई हसल्या नाहीत. "टोचू दे नायतर नको टोचू दे. मला आयच्या कापडात जायचंय, सुनीता."

बाईंचे यजमान लग्नानंतर लवकरच गेले होते, मूलबाळ नव्हतं. सख्खं माणूस म्हणजे पाचोडकडे शेती करणारा धाकटा भाऊ, भीमराव. मी म्हटलं, मग हे त्यांना सांगा. त्या म्हणाल्या, "त्याला कसं सांगू? बहीण गेल्यावर भावानं कोरं लुगडं आणायचं असतं. नको म्हणलं तर लई वाईट वाटंल त्याला. तू हळूच आतनं घाल." मी पातळ कपाटात वरच्या कप्प्यात ठेवून दिलं.

पुढे माझी मुलगी मुग्धा बाळंतपणाला पुण्याहून माहेरी आली. तिला बाळासाठी सगळं निसर्गाला धरून हवं होतं. तिने मोबाईलवर शोधशोधून शुद्ध कापसाचे लंगोट मागवले. खोक्यात खोकं, त्याला फुग्याफुग्यांचं प्लॅस्टिक, आत प्रत्येक लंगोटाला वेगळी पिशवी. बाई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी एक लंगोट चोळून पाहिला. "कोराय. खळ हाय यात." मग मुग्धाकडे बघून म्हणाल्या, "पोरी, तुझं लेकरू माझ्या दुपट्यात निजंल. मी हाय की अजून."

पण बाईंची पेटी रिकामी होती. जुनी दुपटी कुठल्या कुठल्या घरी गेली होती आणि नवीन शिवायला कापड नव्हतं. मग आम्ही दोघी शोधायला निघालो. ओळखीची घरं पालथी घातली. लोक प्रेमाने कपाटं उघडायचे, बाई एकेक साडी चोळायच्या आणि घडी करून परत द्यायच्या. सगळं नायलॉन, सगळं पॉलिस्टर. ज्या म्हाताऱ्यांनी सुती नेसलं त्या गेल्या होत्या आणि आताच्या म्हाताऱ्या आमच्यासारख्या, न चुरगळणाऱ्या साड्यांतल्या. गावाकडे नक्की मिळेल म्हणून आम्ही एसटीने पाचोडच्या आठवडी बाजाराला गेलो. तिथे भाजी विकणाऱ्या एका आजीबाईंचा पदर बाईंनी धरला आणि लगेच सोडला. आजीबाई खळखळून हसल्या. "सुती कोण नेसतंय आता, माय? ह्ये बरं. धुतलं की वाळलं."

परतीच्या एसटीत बाईंनी खिडकीला डोकं टेकलं. सगळा रस्ता पोटावर हात दाबून बसल्या होत्या. मला वाटलं, निराश झाल्या. पण ते पोटाचं दुखणं होतं, आणि त्यांनी ते कितीतरी दिवस अंगावर काढलं होतं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आता फार काही करण्यासारखं उरलं नाही, असं मला बाजूला घेऊन सांगितलं. बाईंना कुणी सांगायची गरज पडली नाही.

त्यानंतर त्या रिक्षाने माझ्या घरी आल्या. जिना चढताना धापा टाकत होत्या. बसल्या आणि म्हणाल्या, "ते पातळ काढ."

मला वाटलं, त्यांची वेळ त्यांना कळली. मी रडवेली होऊन पुडकं आणलं. बाईंनी पिशवीतून कात्री काढली.

"बाई, हे काय?"

"मुग्धाच्या बाळाची दुपटी. भरपूर व्हतील यात."

मी पुडकं छातीशी धरलं. "अजिबात नाही. मी बाजारातून आणीन, परदेशातून मागवीन. हे तुम्ही स्वतःसाठी ठेवलंय."

"सुनीता, मी काय लेकरू हाय का? भीमराव आणील ते घालीन."

"तुम्हाला आईच्या कापडात जायचं होतं."

"व्हतं की," त्या म्हणाल्या. एवढंच. मग हात पुढे करून वाट बघत बसल्या. त्या हाताला नाही म्हणणं मला जमलं नाही.

ते पातळ इतकं पिकलेलं होतं की फाडताना त्याचा आवाजही झाला नाही. बाई मापाने तुकडे करत होत्या आणि मी समोर बसून रडत होते. "कापडावर रडू नको," त्या म्हणाल्या, "भिजल्यावर कात्री चालत नाय." निळा काठ त्यांनी वाया घालवला नाही. प्रत्येक दुपट्याच्या एका कडेला तो राहू दिला. मशीन चालवायचं त्राण पायात नव्हतं, म्हणून सगळं हाताने शिवलं.

नातू झाला. बाई बघायला आल्या तेव्हा त्यांच्या अंगावरचं पातळ नुसतं खुंटीला अडकवल्यासारखं दिसत होतं. बाळ त्यांच्या दुपट्यात गुरफटून झोपलं होतं. त्यांनी बाळाच्या कानाची पाळी चिमटीत धरली, डोळे मिटले आणि हळूच चोळली. "हे मातर येतानाच पिकून आलंय," म्हणाल्या. मुग्धा हसता हसता रडायला लागली. जाताना दारातून वळून त्यांनी बजावलं, "मोठा झाला की दुपटी पुढं द्यायची हां. ठेवून नाय घ्यायची." मी मान डोलावली.

त्या गेल्या त्या सकाळी त्यांच्या शेजारणीचा फोन आला. मी धावत पोचले. दुपारपर्यंत भीमराव पाचोडहून आले. बहिणीसाठी त्यांनी वाटेत पांढरी साडी घेतली होती, दुकानातली सगळ्यात चांगली. ती अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच होती. त्यांनी पिशवी फाडून साडी माझ्या हातात दिली. "बाई, तुम्हीच नेसवा. आक्का तुम्हालाच जवळचं मानायची."

माझी चिमूट आपोआप पदरावर गेली. गुळगुळीत, थंड. पॉलिस्टर. जन्मभर ज्या बाईने असलं कापड बोट लावून बाजूला सारलं, तिला मी ते नेसवायचं होतं. भीमराव समोर उभे होते, डोळे सुजलेले, चपला पायात तशाच. त्यांना मी काय सांगणार होते? "जरा घरून येते," एवढं म्हणून मी निघाले.

घरी दुपट्यांची चळत धुऊन ठेवलेली होती. मी त्यातलं एक उचललं आणि माझा हात थांबला. बाळाचं कापड मयताला कुणी नेत नाही. चार दिवसांच्या मुक्कामाला आलेल्या मुग्धाच्या सासूबाई दारातच उभ्या होत्या, त्यांच्या चेहऱ्यावरही तेच दिसत होतं. "विहीणबाई, बाळाचं आहे हो ते," त्या कळवळून म्हणाल्या. त्यांचंही काही चुकत नव्हतं. मी दुपटं परत ठेवायला लागले.

तेवढ्यात मुग्धा पाळण्यापाशी गेली. झोपलेल्या बाळाला तिने एका हाताने अलगद उचललं आणि त्याच्या खालचं दुपटं ओढून काढलं. ते माझ्या हातात देत म्हणाली, "आई, हे ने. हे सगळ्यात मऊ झालंय."

आम्ही बायकांनी बाईंना आंघोळ घातली. भीमरावांची साडी मी नीट चोपून नेसवली, कारण तीही प्रेमानेच आली होती. पण तिच्या आत, बाईंच्या छातीवर, मी ते दुपटं ठेवलं. अंत्यदर्शनाला भीमराव वाकले तेव्हा त्यांना नव्या पांढऱ्या काठाखालून दुपट्याची निळी कड दिसली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ती कड चिमटीत धरली. डोळे मिटले आणि चोळायला लागले, अगदी बाईंसारखे. हे दोघांनाही आईकडून आलं असणार, हे मला तेव्हा कळलं.

"आयचं पातळ हाय हे," ते म्हणाले.

मी मान डोलावली. बाहेर त्रिसरणाचं पठण सुरू झालं होतं, लोक वाट बघत होते. भीमरावांनी आपण आणलेल्या साडीचा पदर सारखा केला, दुपट्याची कड बाहेर ओढून बाईंच्या हाताखाली नीट बसवली, आणि ती झाकली जाणार नाही याची खात्री करूनच उठले.