पाच दिवसांचं दूध

माझी ताई हट्टी आहे असं मी म्हटलं की लोकांना वाटतं, भाऊ बहिणीचं कौतुक करतोय. कौतुक कसलं डोंबलाचं! तक्रार करतोय. तिने एकदा 'नाही' म्हटलं की आई हरायची, बाबा हरायचे, आणि माझी तर गणतीच नव्हती.

ती आमच्या गावच्या दवाखान्यात नर्स. दहा खाटा, एक डॉक्टरीणबाई, औषधांचं एक कपाट, आणि त्या कपाटाची किल्ली पंधरा वर्षं ताईच्या कमरेला. तिथल्या पोरांना आणि बाळंतिणींना रोज दूध मिळायचं, ते माझ्या गोठ्यातलं. वशिला बिशिला काही नाही हां. उलट बहीण नर्स, म्हणून माझीच किटली जास्त कडक तपासली जायची.

तपासायची तिची रीत साधी होती. सकाळी सातला दूध आलं की उकळायचं. वाटीभर दूध कोमट करून त्याला विरजण लावायचं, वाटी गरम पाण्याच्या डब्यात ठेवायची, बाकीचं दूध फ्रिजमध्ये. दुपारपर्यंत दही लागलं तर चार वाजता दूध वाटायचं. नाही लागलं तर सगळं मोरीत. कारण गाईला इंजेक्शन दिलेलं असलं की औषध दुधात उतरतं, आणि तसल्या दुधाचं दही धड लागत नाही. हे ती कुठल्याशा प्रशिक्षणात शिकून आली. गावाने तिचं नाव विरजणताई ठेवलं. तोंडावर म्हणायची मात्र कोणाची छाती नव्हती.

तर माझी चांदी आजारी पडली. सहा गाईंतली सगळ्यात गरीब, लाथ म्हणून माहीत नाही. कास सुजून लालभडक, हात लावू देईना. गुरांचे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, आणि नुकतेच येऊन गेले होते. मी ताईच्या मागे लागलो.

"ते माणसांचं औषध आहे," ती म्हणाली.

"ताई, मरेल गं ती."

ताई गोठ्यात आली. चांदीच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. मग दवाखान्यात जाऊन पेनिसिलिनच्या सहा बाटल्या घेऊन आली आणि स्वतःच्या हाताने टोचल्या. जाताना मला बजावलं, "पाच दिवस हिचं दूध कोणाच्या पोटात जाता कामा नये. कळलं?"

"कळलं गं बाई! किती वेळा सांगशील?"

तिसऱ्या दिवशी किटली दोन लिटरने कमी भरली. चांदी बरी होत आली होती, दूध कसं पांढरंशुभ्र दिसत होतं. म्हटलं, दहा लिटरांत दोन लिटर, कोणाला कळतंय? ओतलं. आता सांगताना लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

दुपारी दोनला निरोप आला, ताईने बोलावलंय. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात दोन वाट्या मांडलेल्या. एकीत दुसऱ्या गोठ्यातलं दूध, एकीत माझं, विरजण दोन्हीला एकच. तिने पहिली वाटी उपडी केली, दही जागचं हललं नाही. दुसरी नुसती तिरकी केली तर दूध काठावरून सांडलं.

"चांदीचं घातलंस?"

"विरजण शिळं असेल."

तिने पहिल्या वाटीतल्या दह्याकडे बोट दाखवलं. मला राहवेना. "घातलं. थोडंसं. ओतून टाक ना मोरीत! विरजण बिघडलं म्हणून सांग. नाहीतर औषध कुठून आलं ते विचारतील, मग तुझं काय?" मला तिची काळजी होती, शपथेवर सांगतो. थोडी माझीही होती.

तिने माझं मनगट धरलं आणि तिसऱ्या खाटेपाशी नेलं. तिथे सुताराची सहा वर्षांची मुलगी पेला घेऊन बसली होती.

"दूधमामा, आज दूध लवकर?"

ताईने खाटेवरचा कागद माझ्या हातात दिला. "वाच. मनात नको, मोठ्याने."

लाल शाईने लिहिलं होतं. मी वाचलं, "पेनिसिलिन देऊ नये. मागच्या वेळी घसा सुजून श्वास अडकला होता."

"मी निळी पडले होते!" पोरगी म्हणाली. पहिला नंबर आल्यासारखी.

स्वयंपाकघरात परत येऊन मी स्टुलावर बसलो, तर ताईने पुढ्यात कागद आणि पेन ठेवलं. "लिही. माझं अक्षर कोणाला लागत नाही, आणि हे नीट वाचता यायला हवं. डॉक्टरीणबाई, कपाटातल्या सहा बाटल्या मी कोणाला न विचारता भावाच्या गाईला दिल्या."

"नोकरी जाईल तुझी!"

"जाईल. लिही."

"वेडी आहेस का? कोणाला काही झालेलं नाही!"

"आज वाटी लावली म्हणून नाही झालं. उद्या मी रजेवर असेन, तेव्हा? असं होतं, आणि नर्सच्या घरात होतं, हे लोकांना कळू दे धाकट्या. मग बाकीचेही ओतताना दहादा विचार करतील." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत. "लिही म्हणते ना!"

लिहिलं. खाली तिला न विचारता माझी एक ओळ घातली: पाच दिवस थांब म्हणाली होती, मी थांबलो नाही.

डॉक्टरीणबाई आधी चिडल्या, मग हळहळल्या, पण कागद वर पाठवलाच. चौकशी झाली. नोकरी राहिली, पण किल्ली गेली. डोंगरापलीकडच्या एका खोलीच्या केंद्रावर ताईची बदली झाली. बसने अडीच तास, घरी येणं महिन्यातून एकदा. आई माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. माझी किटली बंद झाली, ती झालीच.

परवा दुकानात शिंप्याने टोमणा मारला, "दोन लिटर दुधापायी बहिणीला घालवलंस रे! आणि तिला तरी काय मिळालं एवढं खरं बोलून?"

आधी अशा बोलण्यावर मी हातघाईवर यायचो. या वेळी म्हटलं, "घालवलं. मीच घालवलं. आणि तिला काय मिळालं ते बघायचं असेल तर सुताराच्या अंगणात जा. दोरीवरच्या उड्या मारतेय त्याची पोरगी."