बत्तीस नट

नांदुऱ्यात जिनिंगच्या मागच्या अंगाला रंग उडालेला एक हिरवा ट्रक उभा असतो. अख्खं गाव त्याला रणगाडा म्हणतं. मालक भाऊराव, वय त्रेसष्ट, अंगानं काटकुळे आणि हट्टाला पक्के. तरुणपणी मिलिटरीच्या वर्कशॉपात बारा वर्षं फिटर होते. नोकरी सुटल्यावर त्यांनी लिलावातून हा ट्रक उचलला, तेव्हा सासऱ्यांनी कपाळाला हात लावला होता. पुढं काळ्या मातीत रुतलेले कापसाचे ट्रक ओढून काढायला त्याच सासऱ्यांच्या गावचे लोक भाऊरावांच्या दारात यायला लागले, ही गोष्ट निराळी. भाऊराव ती वर्षातून दोनदा तरी सांगतात.

दुसऱ्या एका लिलावात त्यांना डॉलीची जोडी मिळाली. डॉली म्हणजे कंटेनरला पाय फुटावेत तशी व्यवस्था. दोन चाकांचा एक लोखंडी सांगाडा कंटेनरच्या पुढच्या तोंडाला अडकवायचा, तसलाच दुसरा मागच्या तोंडाला, पुढच्याला दांडी लावायची आणि ट्रकनं ओढत न्यायचं. क्रेनची गरज नाही, ट्रेलरची नाही. चार चाकं, चाकाला आठ नट, एकूण बत्तीस. हे बत्तीस नट निघायच्या आधी आवळायचे आणि वाटेत दोनदा पाहायचे, हा भाऊरावांचा शिरस्ता. तो त्यांनी तापातसुद्धा मोडला नव्हता.

आणि गेल्या महिन्यात हेच नट त्यांच्यावर उलटले.

पहिल्यांदा शेगावच्या वाटेवर. मुलगा प्रसेनजित मोटारसायकलवर मागून येत होता. त्याला डॉलीचं चाक हलताना दिसलं. थांबून पाहिलं तर नट बोटानं फिरत होते. भाऊराव म्हणाले, मी आवळले होते.  प्रसेनजितनं टायरवाल्या कुलदीपला बोलावलं. त्यानं हवेच्या मशीननं सगळे नट घट्ट केले आणि जाता जाता म्हणाला, "काका, आवळलेच नव्हते हे."

दुसऱ्यांदा मलकापूरला तेच झालं. पुन्हा कुलदीप, पुन्हा तेच वाक्य.

त्यानंतर भाऊरावांची झोप गेली. आपण आवळले हे त्यांना लख्ख आठवत होतं. पाना, त्यात घातलेला पाइप, पाइपवर टाकलेला अंगाचा भार, नट किंचित सरकल्याची ती कुरकूर. पण जे आठवतं ते त्याच दिवशीचं की दहा वर्षांपूर्वीचं? त्यांचे थोरले भाऊ दयाराम शेवटी शेवटी रोज नांदुरा स्टेशनवर जायचे, सहा वर्षांपूर्वी वारलेल्या बायकोला उतरवून घ्यायला. त्यांनाही सगळं लख्खच आठवायचं. भाऊराव आता पहाटे उठून मनातल्या मनात स्टेशनं म्हणायचे, मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव. बरोबर आली तरी जीव शांत व्हायचा नाही. स्टेशनं तर दयारामलाही येत होती.

प्रसेनजितनं मग सरळच सांगितलं. "बाबा, आता आखरी. अजून एकदा असं झालं तं चावी मी ठेवीन. कोणाच्या अंगावर चाक गेलं म्हणजे?"

मुलगा चुकीचं काय बोलला? काहीच नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. चावी गेली तर आपण कोण, हे भाऊरावांना खरंच ठाऊक नव्हतं.

तशात मेहकरकडची ऑर्डर आली. बनाबाईंच्या, म्हणजे भाऊरावांच्या बायकोच्या, माहेरच्या लोकांनी वर्गणी काढून जुना कंटेनर घेतला होता. त्याला खिडक्या कापल्या, आत बाकडी बसवली, पोरांसाठी अभ्यासिका केली. ती गावात नेऊन ठेवायची होती. भाऊरावांनी बायकोला सांगितलं, "तू चाल माझ्यासंग. मी नट आवळतो, तू मोज."

"मले काय समजते त्यातलं?"

"समजायचं नाही. पाहायचं. मी आवळले का नाही, एवढंच."

सकाळी बनाबाई पदर खोचून चाकापाशी उभ्या राहिल्या. या जुन्या मिलिटरी सामानाची एक तऱ्हा असते. उजव्या चाकांचे नट नेहमीसारखे आवळतात, डाव्या चाकांचे उलट्या बाजूला फिरवून. चाक पुढं धावताना नट सुटू नयेत म्हणून आटेच तसे पाडलेले असतात. नवशिका इथं गडबडतो. भाऊरावांच्या हातांना मात्र विचार करावा लागत नसे. डाव्या अंगाला गेले की हात आपसूक उलटे चालायचे. त्यांनी एकेक नटावर भार टाकला, एकेक नट कुरकुरत सरकला, आणि बनाबाईंनी बोटांच्या पेरांवर बत्तीस मोजले.

"झाले?"

"झाले. बत्तीसच्या बत्तीस."

मोताळ्याला थांबून भाऊरावांनी पाना लावला. नट सैल. पुढचा सैल. त्यांनी बायकोकडं पाहिलं. तिच्या तोंडावरचा रंगही उतरला होता.

"तू पाह्यलं ना व?"

"पाह्यलं हो. माह्या डोयानं पाह्यलं."

म्हणजे विसरलो नाही. पण मग हे काय? विसरलो असतो तर निदान कारण तरी कळलं असतं. सकाळी आवळलेला नट दुपारपर्यंत कोण सोडतं?  त्यांनी पुन्हा सगळे आवळले, या खेपेला एकेक फेरा जास्त देऊन, आणि गाडी सावकाश हाकत राजूर घाटाच्या पायथ्याला आणली. चढाला लागण्याआधी पुन्हा पाहायचंच होतं. ते डाव्या चाकापाशी बसले, पाना लावला, जोर केला. नट फिरला. अजून जोर केला. अजून फिरला.

आणि आवळता आवळता तो नट त्यांच्या हातात आला.

भाऊराव तसेच रस्त्याच्या कडेला बसून राहिले. तळहातावरच्या नटाकडं ते ओळख नसल्यासारखे बघत होते. आवळला की नट आत जातो. जगात दुसरं काही होत नाही. बनाबाईंनी पाण्याची बाटली पुढं केली, ती त्यांनी घेतली नाही. मग हळूच त्यांनी नटाच्या आत बोट घातलं आणि आट्यांवरून फिरवलं. सरळ आटे. डाव्या चाकाला सरळ आटे? ते उठून उजव्या बाजूला गेले, एक नट काढला. उलटे आटे.

डॉल्या बदलल्या होत्या. मागची पुढं आणि पुढची मागं. मागची डॉली पुढं लावायची तर ती फिरवून घ्यावी लागते, आणि फिरवली की तिचं डावं चाक उजवीकडं येतं. भाऊराव दर खेपेला नेमानं, अंगाचा सगळा भार टाकून, बत्तीसही नट सोडत होते. कुलदीप आटे पाहून मशीन लावत होता, ते सवयीनं पाना लावत होते. एवढंच सगळं होतं.

ते हसायला लागले. कित्येक दिवसांनी पोट धरून हसले. भीती गेली, डोकं ठिकाणावर आहे, दयारामच्या वाटेला आपण लागलो नाही, या आनंदात त्यांनी भराभर सगळे नट नीट बाजूनं आवळले. बनाबाईही हसल्या, काही न समजता.

"पण फिरवल्या कोनं?" घाम पुसत भाऊराव म्हणाले. "प्रसेनजितच असंन. मले चावी मागते, अन् स्वतःले डावं-उजवं समजत नाही. घरी गेल्यावर पाहतो त्याले."

 बनाबाई रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "त्याले काही बोलू नका. तुम्हीच फिरवल्या."

"मी?"

"शेगावच्या खेपेआधी पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलं होतं, तव्हा. दिवसभर राबले तुम्ही. मी जॅकपाशी उभी होती."

भाऊरावांनी आठवून पाहिलं. बेअरिंग, जॅक, दिवसभराचं काम. काही नव्हतं. अंधुकसुद्धा नव्हतं. डॉली फिरवणं म्हणजे काही चहाचा कप उचलून ठेवणं नव्हे, घाम काढणारं काम ते, आणि त्यांच्या डोक्यात त्या दिवसाची जागा सपाट होती.

"मले कसं आठवत नाही?" त्यांनी विचारलं. 

बनाबाई लगेच म्हणाल्या, "तुम्ही मले सांगतलं होतं ना. म्हणे, आता नट उलटे झाले, ध्यानात ठेव, मी कामात विसरीन. मीच विसरली. माहीच चूक हाय."

भाऊरावांनी तिच्याकडं पाहिलं. कोणत्या भाच्याच्या लग्नात कोणी कोणतं लुगडं दिलं, कोणत्या साली कोणत्या शेजारणीनं पाव किलो साखर नेली, हे या बाईला चाळीस वर्षांचं तोंडपाठ होतं. ती खरं बोलत होती की आपल्याला सावरत होती, हे त्यांना कळेना. आणि हे आपल्याला आता कधीच कळणार नाही, एवढं मात्र कळलं.

त्यांनी फोन काढला. प्रसेनजित बुलढाण्याला कोर्टात कारकून होता, घाट उतरून यायला त्याला वेळ लागणार नव्हता.

"राजूर घाटाच्या खाली ये बाबू," ते म्हणाले. "गाडी चांगली हाय. नटही चांगले हाय. वरतं तू ने."

बनाबाई कासावीस झाल्या. "काऊन बोलावलं त्याले? म्या सांगतलं ना, मी विसरली म्हणून?"

"हाव, सांगतलं," भाऊराव म्हणाले आणि रणगाड्याची चावी त्यांनी तिच्या हातात ठेवली. "पन तू कधी काही विसरली व?"